कोंडलेल्या जीवाचा हक आणि आपली तौबा




हजरत अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांनी निवेदन केलेली एक हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणीच ऐकलेली आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले आणि ते उपासमारीने मेले. या एका कृत्यापायी ती नरकाग्नीस पात्र ठरली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही घटना आली आहे. मुलांना दयेचा धडा देण्यासाठी आपण ती सांगतो आणि पुढे जातो. परंतु प्रेषितांनी (स.) त्या स्त्रीचा गुन्हा किती नेमकेपणाने मांडला, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तिने मांजराला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही, असे प्रेषितांचे (स.) म्हणणे आहे. म्हणजे तिच्यापुढे दोन मार्ग होते व तिने दोन्ही बंद केले.

यातून एक मोठा नियम हाती येतो. जो मनुष्य एखाद्या जीवाला कोंडतो, तो त्याच क्षणी त्या जीवाच्या रिज्कची जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. दार लावण्यापूर्वी त्या जीवाला अल्लाहची विस्तीर्ण धरती पोसत होती. दार लागल्यानंतर त्याची भूक, तहान, आजार आणि एकटेपणा यांचा जाब दार लावणाऱ्याला द्यावा लागेल.

या हदीसच्या प्रकाशात आज आपण एका अशा विषयाचा विचार करू, जो प्रथमदर्शनी आपल्यापासून फार दूरचा वाटेल. नामशेष होऊ घातलेल्या गेंड्यांना प्राणिसंग्रहालयात ठेवून त्यांची वीण वाढवण्याचा प्रयत्न गेली चाळीस वर्षे चालू आहे. हे कार्य इस्लामच्या दृष्टीने कसे आहे? कोंडणे हा जुल्म आहे की जपणे ही अमानत आहे? आणि त्यात तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य मुस्लिम कुटुंबासाठी कोणता बोध आहे?

सुमात्राच्या गेंड्याची कहाणी

इंडोनेशिया हा जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एक. त्याच्या सुमात्रा बेटावरील अरण्यात दोन शिंगांचा, अंगावर केस असलेला एक गेंडा राहतो. गेंड्यांच्या पाच जातींपैकी तो आकाराने सर्वांत लहान. एके काळी आपल्या आसामपासून ब्रह्मदेश, मलाया, सुमात्रा आणि बोर्निओपर्यंत त्याचा वावर होता. जंगले तुटली, शिंगासाठी शिकार झाली आणि आज जाणकारांच्या अंदाजानुसार संपूर्ण जगात हे प्राणी पन्नासहूनही कमी उरले आहेत.

1984 साली काही देशांच्या तज्ज्ञांनी एक योजना आखली. जंगलात हा प्राणी टिकणार नाही, तेव्हा काही गेंडे पकडून प्राणिसंग्रहालयांत ठेवावेत आणि तेथे त्यांची प्रजा वाढवावी, असा विचार पुढे आला. 1984 ते 1996 या काळात चाळीस गेंडे पकडले गेले व इंडोनेशिया, मलेशिया, इंग्लंड आणि अमेरिका येथे ठेवले गेले. हेतू चांगला होता, पण परिणाम दुःखद झाला. एकामागून एक गेंडे मरत गेले आणि इतक्या वर्षांत पिलांचा जन्म काही होईना.

याचे एक कारण ऐकून आपण थक्क व्हावे, इतके ते साधे होते. हा गेंडा घनदाट अरण्यात झाडांची कोवळी पाने व डहाळ्या खाऊन जगतो. अमेरिकेत नेलेल्या गेंड्यांना मात्र वाळलेले गवत घातले जात असे, कारण इतर गेंडे ते खातात. सिनसिनाटी शहराच्या प्राणिसंग्रहालयातील इपुह नावाचा नर मरणपंथाला लागला होता. तेव्हा वड-उंबराच्या कुळातील झाडांची ताजी पाने कॅलिफोर्नियाहून मागवून त्याच्यापुढे ठेवली गेली. तो उठला, खाऊ लागला आणि पुढे अनेक वर्षे जगला.

बंधूंनो, कुरआनच्या सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अ.) फिरऔनला आपल्या पालनकर्त्याची ओळख करून देतात. ज्याने प्रत्येक वस्तूला तिची घडण दिली व मग तिला मार्ग दाखवला, तो आमचा पालनकर्ता, असा त्या उत्तराचा आशय आहे. प्रत्येक जीवाची घडण वेगळी आणि त्याचा घासही वेगळा. ज्याने घास ठरवला त्याला न विचारता आपण आपल्या सोयीचा चारा पुढे टाकला, तर कोठी भरलेली असूनही जनावर उपाशी मरते. मांजर कोंडणाऱ्या त्या स्त्रीच्या हातून निर्दयतेने जे घडले, ते येथे अज्ञानाने घडू पाहत होते. म्हणून ज्याला जीव पाळायचा आहे, त्याच्यावर त्या जीवाविषयीचे ज्ञान मिळवणे हेही कर्तव्य ठरते.

नर-मादीचा हक

दुसरे कारण अधिक सूक्ष्म होते. या जातीचे गेंडे एकटे राहणारे. नर व मादी अवेळी एकत्र आणले, तर एकमेकांवर तुटून पडतात व जखमी होतात. सिनसिनाटी येथील संशोधिका डॉ. टेरी रॉथ यांनी एमी नावाच्या मादीची रोज सोनोग्राफी व रक्ततपासणी करून तिच्या शरीराचे चक्र समजून घेतले. नराशी मीलन झाल्याखेरीज या मादीचे बीजांड सुटतच नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. योग्य दिवस हेरून जोडी एकत्र आणली गेली. एमी गाभण राहू लागली, पण पाच वेळा तिचा गर्भ पडला. सहाव्या वेळी तिला गर्भ टिकवणारे संप्रेरक दिले गेले आणि 13 सप्टेंबर 2001 रोजी अंदालास नावाचे नर पिल्लू जन्माला आले. बंदिवासात जन्मलेले याआधीचे पिल्लू 1889 साली कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयातील होते. मध्ये 112 वर्षे लोटली होती.

या ठिकाणी मला आपल्या एका थोर इमामांचे स्मरण होते. इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) हे शाफई पंथाचे महान विद्वान इ.स. 1262 मध्ये निवर्तले. ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात त्यांनी मनुष्यावर असलेले जनावरांचे हक एक एक करून मोजले आहेत. जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याच्यापासून काहीही लाभ उरला नाही, तरी त्याचा खर्च उचलावा. त्याच्यावर शक्तीबाहेर ओझे लादू नये. ज्याच्यापासून त्याला इजा होईल, अशा प्राण्यासोबत त्याला ठेवू नये. त्याची बसण्या-उठण्याची व पाण्याची जागा चांगली असावी. त्याच्या पिलाला त्याच्या डोळ्यांदेखत कापू नये. आणि याच यादीत ते सांगतात की, माजाच्या काळात नर व मादी यांना एकत्र येऊ द्यावे.

साडेसातशे वर्षांपूर्वी दमास्कस व कैरो येथे वावरलेल्या या आलिमाने जनावराच्या संततीला त्याचा हक म्हटले. सूरह जारियातमध्ये अल्लाहने प्रत्येक वस्तू जोडीने निर्माण केल्याचे सांगून मनुष्याला त्यावर विचार करण्यास सांगितले आहे. ज्याने जनावराला कोंडून त्याची जोडी तोडली, त्याने त्याचे पोट भरले तरी हक पूर्ण दिला नाही. या दृष्टीने पाहता प्राणिसंग्रहालयात गेंड्याची वीण व्हावी म्हणून रात्रंदिवस झटणे, हे कोंडलेल्या जीवाचे राहिलेले देणे फेडणेच होय.

मलेशियात हे देणे फेडण्यास उशीर झाला. तेथील जंगलात गेंडे इतके विरळ झाले होते की, मादीला वर्षानुवर्षे नर भेटत नसे. ज्या मादीला दीर्घकाळ गर्भ राहत नाही, तिच्या गर्भाशयात गाठी वाढतात. बोर्निओच्या साबा राज्यात 2014 साली पकडलेल्या मादीची अवस्था अशीच होती. तिच्यावर उपचार झाले, तिचे बीजांड मिळवून गर्भ तयार करण्याची खटपट झाली, परंतु यश आले नाही. मे 2019 मध्ये तेथील शेवटचा नर मेला आणि 23 नोव्हेंबर 2019 रोजी त्या मादीनेही प्राण सोडला. मलेशियातून ही जात संपली. त्या मादीचे नाव होते इमान. आपण ज्याला ‘ईमान’ म्हणतो, तोच हा शब्द.

एक उम्मत नाहीशी होणे

कोणी म्हणेल, एका रानटी जनावरासाठी एवढा शोक कशाला? माणसे उपाशी असताना गेंड्यावर खर्च का करावा?

याचे उत्तर सूरह अन्आमच्या 38 व्या आयतीत आहे. जमिनीवर चालणारा प्रत्येक प्राणी व पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असा तिचा भावार्थ. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसवरून कळते की, मदिनेत कुत्र्यांचा प्रश्न उभा राहिला तेव्हाही प्रेषितांनी (स.) ती सर्वच्या सर्व संपवण्याचा आदेश दिला नाही. तीही एक उम्मत आहे, हे त्याचे कारण त्यांनी दिले. भाष्यकार इमाम खत्ताबी (रह.) यांनी येथे खुलासा केला आहे की, निर्मितीतील एक संपूर्ण समूह नाहीसा करणे प्रेषितांना (स.) अप्रिय वाटले, कारण अल्लाहने निर्माण केलेली कोणतीही जात हिकमतीवाचून नाही.

गरिबाचा हक गेंड्याला द्या, असे कोणीही म्हणत नाही. गरिबासाठी जकात आहे, सदका आहे आणि त्यात कसूर करणाऱ्याला गेंड्याचे निमित्त पुढे करता येणार नाही. पण ज्या जंगलात गेंडा जगतो, त्याच जंगलातून नद्या वाहतात व त्याच नद्यांच्या पाण्यावर शेतकरी पोसला जातो. सूरह बकराहच्या 205 व्या आयतीत त्या माणसाची निंदा आली आहे, जो पृथ्वीवर उपद्रव माजवतो आणि पिके व प्राणिमात्रांची संतती नष्ट करतो. शेत व संतती यांचा नाश अल्लाहने एकाच ठिकाणी सांगितला, यातही समजणाऱ्यासाठी निशाणी आहे.

आणि या नाशात आपल्याही माणसांचा हात होता, हे कबूल केले पाहिजे. गेंड्याचे शिंग म्हणजे काय? आपली नखे व केस ज्या द्रव्याचे असतात, त्याच द्रव्याचे ते बनलेले आहे. चीन व व्हिएतनाममध्ये औषध म्हणून त्याची मागणी होती. परंतु 1970 नंतरच्या काळात आफ्रिकेतील गेंड्यांची शिंगे मोठ्या प्रमाणावर जात होती ती यमनमध्ये. तेथे पुरुष कमरेला ‘जंबिया’ नावाचा खंजीर बांधतात व गेंड्याच्या शिंगाची मूठ प्रतिष्ठेची समजली जाई. एका मुठीच्या झळाळीसाठी कलमा पढणाऱ्यांच्या पैशातून जनावरे मारली गेली. अखेर 1990 च्या दशकाच्या आरंभी यमनच्या मुख्य मुफ्तींनी अशी हत्या अल्लाहच्या इच्छेविरुद्ध असल्याचा फतवा दिला. त्यानंतर 2014 साली इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने फतवा क्रमांक 4 काढून दुर्मिळ प्राण्यांची बेकायदा शिकार व व्यापार हराम ठरवला. उलेमांनी आपले कर्तव्य केले. आता अंमल करणे हे सर्वसामान्यांचे काम आहे.

नूह (अ.) यांची नौका

प्राणिसंग्रहालयातील या प्रयत्नांना अनेक जण हजरत नूह (अ.) यांच्या नौकेची उपमा देतात. उपमा योग्य आहे, पण ती पुरती समजून घ्यावी. सूरह हूदमध्ये अल्लाहने प्रत्येक प्रकारातील नर-मादीची जोडी नौकेत घेण्याची आज्ञा दिली. पण कथा तेथे संपत नाही. पुढे धरतीने पाणी गिळले, आभाळ थांबले, नौका जूदी पर्वतावर टेकली आणि सलामतीने उतरण्याची आज्ञा झाली. नौका हे घर नव्हते. ज्या नौकेला जूदी नाही, ती नौका राहत नाही, तरंगणारा तुरुंग होते. शिवाय नूह (अ.) यांच्या काळातील पूर अल्लाहच्या आज्ञेने आला व त्याच्याच आज्ञेने ओसरला. आजचा पूर आपल्या हातांनी आणलेला आहे. सूरह रूमच्या 41 व्या आयतीत जमिनीवर व समुद्रात माजलेल्या बिघाडाचे कारण माणसांच्या हातांची कमाई असे सांगितले आहे आणि लोकांनी परत फिरावे, हा त्यामागचा उद्देशही तेथेच सांगितला आहे. परत फिरणे म्हणजेच तौबा.

तौबेच्या अटी आपण जाणतो. केलेल्या पापाचा पश्चात्ताप, ते तत्काळ सोडणे आणि पुन्हा न करण्याचा निर्धार. आणि कोणाचा हक हिरावला असेल, तर चौथी अट अशी की तो परत करावा. चोरलेला माल घरात ठेवून इस्तिगफार करणाऱ्याची तौबा पूर्ण होत नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे गेंड्याची प्रजा वाढवणे हा या चौथ्या अटीचा भाग आहे, म्हणजे हिरावलेले परत करणे. परंतु शिकार व जंगलतोड चालूच राहिली, तर पहिल्या तीन अटी कोठे पूर्ण झाल्या?

अरबस्तानातच याचा दाखला आहे. ऑरिक्स नावाचे पांढरे, लांब शिंगांचे हरीण 1972 मध्ये वाळवंटातून शिकारीमुळे नाहीसे झाले. काही हरणे आधीच पकडून अमेरिकेतील फिनिक्स येथील प्राणिसंग्रहालयात वाढवली जात होती. त्यांची संतती 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात मोकळी सोडली गेली आणि 1996 पर्यंत त्यांची संख्या सुमारे 450 झाली. नौका किनाऱ्याला लागली होती. मग पुन्हा चोरटी शिकार सुरू झाली व दहा-अकरा वर्षांत जेमतेम 65 हरणे उरली. 2007 मध्ये युनेस्कोने ते अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. अन्य ठिकाणी ही हरणे जपली गेल्याने जात वाचली, पण हक परत करून तो पुन्हा हिरावणाऱ्यांची ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

सुमात्राच्या गेंड्याबाबत मात्र आशेला जागा आहे. 2007 मध्ये अंदालासला अमेरिकेतून सुमात्रात आणले गेले. वाय कंबास राष्ट्रीय उद्यानात खऱ्या जंगलातच कुंपण घालून एक केंद्र उभारले आहे, तेथे तो राहू लागला. 2012 मध्ये रातू नावाच्या मादीपासून त्याला पिल्लू झाले. त्याचे नाव अंदातू. आई-वडिलांची नावे त्यात गुंफलेली आहेत आणि इंडोनेशियाच्या भाषेत त्यातून ‘ईश्वराची देणगी’ असाही अर्थ निघतो. रोजा नावाची मादी 2005 मध्ये केंद्रात आली. तिचे आठ गर्भ पडले आणि सतरा वर्षांनी, 2022 मध्ये, तिला पिल्लू झाले. तिची देखभाल करणाऱ्यांच्या सब्रचा विचार करा. अंदालासचा धाकटा भाऊ हारापान हा अमेरिकेतील या जातीचा शेवटचा गेंडा होता. 2015 मध्ये तोही मातृभूमीला परतला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये पिता झाला. पिलाची आई अंदालासचीच मुलगी आहे. मूळ जोड्या किती थोड्या उरल्या आहेत, हे यावरून समजावे. 2023 अखेरपर्यंत या केंद्रात पाच पिल्ले जन्मली. ‘हारापान’ या शब्दाचा अर्थ आहे ‘आशा’.

आपल्या घरातील पिंजरा

प्रिय वाचकांनो, सुमात्रा दूर आहे, पण पिंजरा दूर नाही. आपल्या कितीतरी घरांच्या ओसरीत, गॅलरीत पोपटाचा पिंजरा टांगलेला असतो. हजरत अनस (र.) यांचे धाकटे भाऊ अबू उमैर यांच्यापाशी एक लहान पक्षी होता व प्रेषित (स.) त्याची विचारपूस करीत, या हदीसवरून अनेक फुकहांनी पक्षी पाळणे जायज मानले आहे. परंतु रानातून पिल्ले पळवून आणलेला पोपट विकत घेणे ही वेगळी गोष्ट आहे. पक्षिणीची पिल्ले कोणी उचलली, तेव्हा ती तडफडू लागली. ते पाहून प्रेषितांनी (स.) पिल्ले परत ठेवण्याची आज्ञा केली, हे आपण विसरू नये. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातील पोपट व कासव घरात ठेवण्यास मनाई आहे. ज्याच्या घरी असा जीव आहे, त्याने तो परस्पर उडवून देऊ नये, कारण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी रानात टिकेलच असे नाही. वनखात्याशी संपर्क साधून तो सुपूर्द करावा.

वाघनखाचा ताईत, रानटी जनावराच्या तेलाची बाटली, शिंगाची अंगठी असे काही विकायला आले, तर घेऊ नका. घेणारा नसेल तर मारणाराही उरणार नाही. तावीजाच्या नावाखाली अशा वस्तू विकणारा दीनचाही गुन्हेगार आहे.

ईदच्या सुट्टीत मुलांना घेऊन आपण राणीच्या बागेत किंवा आपल्या शहरातील प्राणिसंग्रहालयात जातो. तेथे जाळीवर खडे मारणाऱ्या, ओरडून जनावराला उठवणाऱ्या मुलाचा हात हळुवार धरा. त्याला त्या मांजराची हदीस तेथेच सांगा. हा प्राणी आपल्यासारखीच एक उम्मत आहे, तो येथे आपल्या हौसेखातर कोंडला असेल तर ते चूक आहे आणि त्याची जात वाचावी म्हणून ठेवला असेल, तर आपण सगळे त्याचे देणेकरी आहोत, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. घरी परतल्यावर एक रोप लावायला द्या. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तर तेही लावावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. एका पिलासाठी सतरा वर्षे थांबणारी माणसे कोणत्याही धर्माची असोत, त्यांनी या शिकवणीचा एक अंश आचरणात आणून दाखवला आहे. जिच्याकडे ही शिकवण चौदा शतकांपासून आहे, त्या उम्मतीने मागे राहू नये.

हे अल्लाह, तू आमच्या हाती सोपवलेल्या जीवांच्या बाबतीत आमच्याकडून झालेली कसूर माफ कर. ज्यांचा हक आम्ही हिरावला, त्यांना तो परत करण्याची आम्हाला शक्ती व सद्बुद्धी दे. आणि ज्या दिवशी मुकी जनावरे तुझ्यासमोर बोलतील, त्या दिवशी आमच्याविरुद्ध साक्ष देणारा एकही जीव नसावा, असे जगणे आम्हाला नशिबी दे. आमीन.